काट्यांसकट वजन: बालिक पुलाऊची डुरियनवारी

डुरियन, म्हणजे फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ, खायला निघालो होतो. "बागेपर्यंत वीस मिनिटं चाल," असं सांगितलं होतं. पाऊण तास लागला, आणि चाल कसली, चढण! बालिक पुलाऊ हे मलेशियातल्या पेनांग बेटाच्या मागच्या अंगाला. गावातून वर जाणारा सिमेंटचा रस्ता असा उभा, की मोटारसायकलीही पहिल्या गिअरमध्ये रडत होत्या. पुढे बागेत लाल माती आणि तिच्यावर सुक्या पानांचा थर. मी दोनदा बसकण मारली. चपला घालून जाल तर पस्तावाल. डासांचं मलम न्याच.

इथे डुरियन तोडत नाहीत. पिकलं की ते आपोआप गळतं, बहुधा रात्री-पहाटे. म्हणून झाडांखाली जाळी बांधलेली असते. दोन किलोचा काटेरी गोळा जाळीत धप्पकन पडला, तेव्हा मी झाडाखालून निमूट बाजूला झालो.

आता पैशांचं. पाटीवर ४० रिंगिट (मलेशियाचं चलन) किलो. जात मुसांग किंग, सगळे याच नावामागे धावतात. फळ भरलं २.१ किलो, म्हणजे ८४ रिंगिट. फोडल्यावर गरे निघाले जेमतेम अर्धा किलो, बाकी साल आणि आठळ्या! फणस घेताना आपण एवढं गाफील राहतो का? वर एक कप्पा कच्चा, दगडासारखा. बदलून मागितलं तर विक्रेता म्हणाला, तुम्ही खायला सुरुवात केलीत. तेव्हा वजनकाटा डोळ्यांसमोर बघा, सालीला खाच पाडून गर दाखवायला लावा, बोट रुतलं तरच हो म्हणा. बोट घातलं की मग तोंड घाला.

चव? हळदीसारखा पिवळा गर, गोड, शेवटी कडवट. बरका फणस घशातून सुळकन जातो, हा जिभेवर ठाण मांडून बसतो. पण माझं मत विचाराल तर नाव सोडा आणि 'आंग हे' जातीचं घ्या. नारिंगी गर, पेनांगची खासियत, आणि मला तो बराच स्वस्त पडला.

बागेतल्या मावशींनी तेंपोयाक चाखवलं. अति पिकलेला गर मिठात आंबवून करतात, माशाच्या कालवणात घालतात. नुसतं खाल्लं तर आंबट झटका बसतो, भाताबरोबर मात्र मी दोनदा मागून घेतलं. आठळ्याही उकडून खातात, आपल्यासारख्याच. कच्च्या खाऊ नका.

डुरियन 'गरम', म्हणून वर मँगोस्टीन खायची पद्धत आहे. हे आपल्या कोकमाचंच भावंड. हात धुवायला डुरियनच्या रिकाम्या सालीच्या खोबणीतून पाणी ओततात. मला थोतांड वाटलं, पण हातांचा वास खरंच गेला. ढेकरेचा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. उरलेलं फळ हॉटेलवर नेऊ नका, दारातच फुली मारलेलं डुरियनचं चित्र असतं.

पेनांगच्या जॉर्जटाउन शहरातले दोन दिवस छान गेले, लिहिण्यासारखं काही नाही.

उतरताना जीपवाल्याने वीस रिंगिट मागितले. घासाघीस न करता दिले.