खालची ओळ

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज तिसऱ्यांदा तेच झालं. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटमध्ये एमटीटीचं पिवळं द्रावण घातलं, चार तास 37 अंशांवर ठेवलं, मग रंग विरघळवणारं डीएमएसओ. पेशी जिवंत असतील तर पिवळ्याचं जांभळं होतं. गालाच्या कॅन्सरच्या ज्या पेशींत जनुक बंद पाडलं होतं, ती ओळ जवळजवळ रंगहीन! क्षणभर हात थरथरले. मग खालची ओळ पाहिली. तोंडाच्या निरोगी अस्तराच्या पेशी. त्याही तितक्याच फिक्या.

म्हणजे हे औषधाचं टार्गेट नव्हे. या जनुकावर निरोगी पेशीही जगतात, तर औषध माणसालाच मारेल.

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये असं टार्गेट सापडलं, कारण तिथलं बीसीआर-एबीएल हे जोड-जनुक फक्त आजारी पेशींतच असतं. 1960 मध्ये फिलाडेल्फियात ते जनुक असलेलं तोकडं गुणसूत्र दिसलं, 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवली, आणि त्याला अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली 2001 मध्ये. एकेचाळीस वर्षं! हा आकडा मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलाय.

आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचं दुखणं वेगळं. भारतीय शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये त्याची जनुकं वाचली, तेव्हा टीपी53, सीएएसपी8, एफएटी1 या जनुकांत बिघाड सापडले. हे बहुतेक पेशीची वाढ रोखणारे ब्रेक. औषधाचा रेणू सहसा चालत्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याला अडवतो. जे आधीच मोडून पडलंय, तिथे अडवणार काय? म्हणून आम्ही मोडलेल्या ब्रेकनिशी जगणाऱ्या पेशीची दुसरी एखादी गरज शोधतोय, जी निरोगी पेशीला नाही.

मामा डाव्या गालात तंबाखूची चिमूट धरून उसाला पाणी द्यायला जायचा. गाठही डावीकडेच आली. शेवटी शेवटी त्याला भाताची पेजसुद्धा गिळता येत नव्हती. मी तेव्हा दहावीत होते.

मॅडमना प्लेट दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हेही नीट लिहून ठेव गं. दुसऱ्या कुणाची दोन वर्षं वाचतील."

लिहिलं. प्लेटचा फोटो चिकटवला, जनुकावर काट मारली. यादीत अजून सहा आहेत. सकाळी सातला नव्या गोठवलेल्या पेशी थॉ करायच्यात, म्हणजे वितळवायच्यात.