कुंद्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर, नोटीस फलकाच्या खाली एका स्टुलावर कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, रिकामा डबा ठेवलेला असतो. त्याच्या झाकणाला मधोमध चीर पाडलेली आहे. ज्यांच्या घरी काही नवे घडले असेल त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून त्या चिरेतून आत टाकावे आणि शुक्रवारच्या असेंब्लीत मी ते वाचून दाखवावे, अशी पद्धत गेली कित्येक वर्षे चालत आली आहे. डबा कुंद्याचाच का, असे एका नव्या शिक्षिकेने विचारले तेव्हा आमचे शिपाईमामा म्हणाले, ‘‘बेळगावात चांगली बातमी दुसऱ्या कुठल्या डब्यातून येते, टीचर?’’ वाईट बातम्याही त्याच डब्यातून येतात, ही गोष्ट वेगळी.

शाळा सिस्टरांची आहे, पहिली ते सातवीची. वर्गात चाळीस मुले असली तर त्यांतील सात-आठ कॅथलिक असतात. उरलेल्यांत मराठे, लिंगायत, मुसलमान, वडगाव-खासबागकडच्या विणकरांची मुले, असे सर्व असतात. मी स्वतः मराठा घरातली आहे आणि नोकरीला लागले तेव्हा मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) म्हणजे काय आणि नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. आज मला लादाईनची, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायच्या प्रार्थनेची, वेळसुद्धा पाठ आहे. पालकांत कोणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीने काम करतो, कोणाचा यंत्रमाग आहे, कोणी उचगाव-बिजगर्णीकडे रताळी आणि भात पिकवतो, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. अशा घरांतून आलेल्या चिठ्ठ्या मराठीत असतात, कन्नडमध्ये असतात, इंग्रजीत असतात आणि मूळ गोव्याकडच्या घरांतून कधीकधी रोमन लिपीतल्या कोकणीतही येतात, ज्या मला वाचायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मुलांच्या दृष्टीने बातमी कशाला म्हणायचे, याचे शास्त्र मोठ्यांच्या शास्त्राहून अगदी निराळे आहे. ‘दादाचे लग्न ठरले, मुलगी चंदगडची आहे, तिला सायकल येते,’ ही एक चिठ्ठी. ‘आमच्या म्हशीला रेडकू झाले आणि ते पांढरे आहे,’ ही दुसरी. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी दुसरीतल्या एका मुलीने लिहिले होते, ‘सुट्टीत दोन गोष्टी झाल्या. मावशीला मुलगा झाला. पोप बदलले.’ पोप फ्रान्सिस २१ एप्रिल रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी वारले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. शाळा तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत होती, त्यामुळे ती घटना आमच्या मैदानावर पोहोचली ती अशी, मावशीच्या बाळाच्या मागोमाग. मी ती चिठ्ठी जशीच्या तशी वाचली. सिस्टर ओठ आवळून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

हे सगळे ऐकायला फार गोड वाटते आणि बरीच वर्षे मलाही ते तसेच वाटत होते. परंतु या डब्याने एकदा मला चांगलाच धडा दिला आणि त्याची चूक माझ्याखेरीज कोणाचीही नव्हती.

चौथीतल्या एका मुलाने चिठ्ठीत लिहिले होते, ‘बाबा आता घरातच बसूलालेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’ आमच्याकडच्या बोलीत ‘बसूलालेत’ म्हणजे ‘बसत आहेत’. चिठ्ठीचा अर्थ मला लगेच कळला, कारण त्या महिन्यात फाउंड्रीतली कामे कमी झाल्याचे मी इतर पालकांकडूनही ऐकले होते. मी फारसा विचार न करता ती वाचली, वर स्वतःच्या पदरचे ‘त्यांना लवकर नोकरी मिळो’ हे वाक्यही जोडले, आणि तीनशे मुलांनी हात जोडून ‘आमच्या बापा’ ही ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. मुलगा रांगेत मान वर करून उभा होता. त्याला बरे वाटले असावे, असे मला वाटले.

सोमवारी त्याचे वडील आले. ते रागावले नव्हते, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. फाटकापाशी उभे राहून, मोटारसायकलवरून न उतरता, त्यांनी हळू आवाजात सांगितले की काम सुटल्याचे त्यांनी त्यांच्या आईला अजून सांगितले नव्हते. रोज सकाळी ते डबा घेऊन घराबाहेर पडत होते आणि काम शोधून संध्याकाळी पाळीच्या वेळेला परत येत होते. गुरुवारी मात्र अंगात ताप असल्यामुळे ते दोन दिवस घरी राहिले, मुलाने बायकोशी चाललेले बोलणे ऐकले आणि चिठ्ठी लिहिली. शुक्रवारी दुपारपर्यंत ती बातमी गल्लीत पोहोचली होती, कारण त्याच गल्लीतली अकरा मुले आमच्या शाळेत आहेत. ‘‘पोरानं चांगल्या मनानंच लिहिलं, टीचर,’’ ते म्हणाले, ‘‘तुम्हीपण चांगल्या मनानंच वाचलासा. पण आईला शेजारणीकडून कळलं.’’

मी सिस्टरांकडे गेले. त्या मूळच्या मंगळुरूकडच्या. मराठी इथे येऊन शिकल्या आणि आता आमच्याहून शुद्ध बोलतात. त्यांनी मला बोल लावला नाही, पण एक गोष्ट सांगितली, जी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला घरची गोष्ट सर्वांसमोर वाचली जाण्याची लहानपणापासून सवय असते. लग्न ठरले की तीन रविवारी वधूवरांची नावे वेदीवरून पुकारली जातात आणि कोणाला काही हरकत असेल तर ती कळवण्यास सांगितले जाते. आजाऱ्याचे नाव प्रार्थनेत घेतले जाते. मेलेल्या माणसासाठी मिस्सा लावली की त्याचे नाव भर मिस्सेत वाचले जाते. त्यामुळे डब्याची कल्पना ज्यांनी काढली त्यांना ती अगदी साहजिक वाटली असणार. आमच्याकडे याच्या उलट असते. स्थळ पसंत पडले तरी साखरपुडा होईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढत नाही, दिवस गेले तर तीन महिने ते चार भिंतींच्या बाहेर जात नाही, आणि काम सुटले तर ते सख्ख्या आईलाही सांगितले जात नाही. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. मी मात्र एका घरची गोष्ट दुसऱ्या घरच्या रीतीने वाचली होती.

त्यानंतर सिस्टरांनी आणखी एक मुद्दा काढला, जो मला आजही पटतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत अल्पवयीन मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणूनच आमच्याकडे कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास सुरू असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण असते आणि प्रवेशाच्या वेळीच पालकांची सही घेतली जाते. ‘‘प्रार्थनेला बसवायचे तर आपण सही घेतो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्यालाच विचारत नाही.’’

तेव्हापासून मी एक वही ठेवते. पहिल्या रकान्यात मुलाचा वर्ग, दुसऱ्यात बातमी आणि तिसऱ्यात घरून आलेले उत्तर: ‘सांगा’, ‘सांगू नका’ किंवा ‘थांबा’. रेडकू, सायकल, पडलेले दात यांना परवानगी लागत नाही. माणसांच्या बाबतीत लागते. सैन्यातल्या वडिलांची बातमी असेल तर ते सुट्टीवर आले, एवढेच वाचायचे. कुठून आले ते मुलाने लिहिले असले तरी मी ते खोडते. यात कधीकधी हसू येण्यासारखेही घडते. एका आजोबांनी स्वतःच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची बातमी ‘सांगा, पण उजवा डोळा म्हणा, डावा मागच्या वर्षी झाला’ असे बजावून पाठवली होती.

बातमी वाचल्यावर आमचे काम संपते असे मात्र नाही. वडगावातल्या एका मुलीची आजी वारली तेव्हा सिस्टर, मी आणि वर्गशिक्षिका तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. त्या गल्लीत शिरले की मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, परंतु त्या घरातले माग बंद होते आणि एकावर अर्धी विणलेली हिरवी साडी तशीच ताणलेली होती. आम्ही सतरंजीवर बसलो. मुलगी सिस्टरांच्या मांडीला टेकून बसली आणि आजी मागावर बसून तिला पाढे कशी म्हणायला लावायची, ते सांगत राहिली. सुतकाच्या घरी चहापाणी घ्यायचे नसते, हे सिस्टरांना माहीत होते. तेवढी वर्षे त्यांनी इथे काढली आहेत. पण उठताना सवयीने त्या ‘‘येते हं’’ म्हणून गेल्या. खोली एकदम गप्प झाली. दुखवट्याच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. शेवटी कोपऱ्यात बसलेली त्या आजींची धाकटी जाऊ म्हणाली, ‘‘या सिस्टर, पण पुढच्या बारीला लग्नाला या.’’ त्या घरात तीन दिवसांत कोणी पहिल्यांदा हसले असेल तर ते तेव्हा.

सणावारांचे मी फार लिहीत नाही, कारण नाताळात नेवऱ्या इकडून तिकडे जातात आणि दिवाळीत करंज्या तिकडून इकडे येतात, दोन्ही जवळजवळ एकच पदार्थ आहेत आणि याचे कौतुक पुष्कळांनी करून झाले आहे. १ नोव्हेंबर हा दिवस मात्र आमच्याच भागात असा येतो. त्या दिवशी कॅथलिकांचा सर्व संतांचा सण असतो. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना झाली म्हणून कर्नाटक राज्योत्सवही असतो. आणि त्याच पुनर्रचनेने बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिले म्हणून इथला मराठी समाज तो काळा दिवस पाळतो. सकाळी मैदानावर लाल-पिवळा ध्वज फडकत असतो, काही मुले त्यासाठी इस्त्रीच्या कपड्यांत आलेली असतात, काही मिस्सेहून येतात आणि काही घरून येतच नाहीत. त्या दिवशी कोण आले नाही, याची चौकशी आमच्या शाळेत कोणी करत नाही. दुसऱ्या दिवशी सर्व मृतांचा स्मरणदिन असतो आणि कॅथलिक मुले आपापल्या घरच्या गेलेल्यांची नावे चिठ्ठीवर लिहितात. एका वर्षी एका मराठा मुलीने विचारले, ‘‘माझ्या पणजोबांचं नाव टाकलं तर चालेल काय?’’ सिस्टर म्हणाल्या, आईला विचारून ये. आईने ‘सांगा’ लिहून पाठवले आणि ते नाव डिसोझा आणि फर्नांडिस यांच्या मधोमध वाचले गेले.

संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होते. मागच्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. त्या दिवसांत डबा भरून वाहत होता. कोणी चोर्ला घाटातून क्रूझरने गेले, कोणाला घाटात उलट्या झाल्या, कोणी दर्शनापेक्षा रांगेत मिळालेल्या आइस्क्रीमवरच जास्त लिहिले. एका क्रूझरमध्ये एक कॅथलिक कुटुंब आणि त्यांचे दोन हिंदू शेजारी असे मिळून गेले होते, आणि तिन्ही घरांतल्या मुलांनी एकाच प्रवासाच्या तीन चिठ्ठ्या टाकल्या. तिन्हींत वाटेत गाडी पंक्चर झाल्याचे होते. पंक्चर कोणत्या चाकाचे, यावर मात्र तिघांचे एकमत नव्हते.

ज्या मुलाची चिठ्ठी मी चुकीने वाचली तो आता कॉलेजात आहे. त्याच्या वडिलांना पुढे दोन-अडीच महिन्यांनी मच्छे येथे काम मिळाले. ती बातमी डब्यात आली नाही. ते स्वतःच फाटकापाशी येऊन सांगून गेले आणि जाताना म्हणाले, ‘‘आता वाचलासा तर चालतंय.’’ मी ती वाचली नाही. त्यांची धाकटी मुलगी अजून आमच्याकडे सहावीत आहे, आणि तिच्या चिठ्ठ्या फक्त कबड्डीच्या असतात.

उद्यापासून दसऱ्याची सुट्टी लागते. आज दुपारी डबा कपाटात ठेवण्यापूर्वी मी रिकामा केला, तेव्हा तीन चिठ्ठ्या उरल्या. एकीवर घरून ‘थांबा’ आले आहे. दुसरीला उत्तर आलेले नाही, कारण आई माहेरी गेली आहे. तिसरी पहिलीतल्या मुलाची आहे. तीत फक्त एक चौकोन काढलेला आहे, चौकोनात पाच माणसे आहेत आणि सहावे, अगदी लहान, चौकोनाच्या रेघेवर उभे आहे. मी त्याला विचारले तर म्हणाला, ‘‘आईनं सांगितलंय, सुट्टी झाल्यावर सांग म्हणून.’’ त्या तिन्ही चिठ्ठ्या मी वहीत घालून ठेवल्या आहेत.