अदृश्य जादूगाराने स्पेल टाकला, आता पुढे काय?

टेबलावर ‘इन्व्हिजिबिलिटी’ (अदृश्य करणारा स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र) आली की एक वाद ठरलेला असतो: ‘मी तर कुणाला हातही लावला नाही, मग दिसायला कसा लागलो?’ डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत याचं उत्तर सरळ आहे. हल्ला केला किंवा स्पेल टाकला की अदृश्यपणा संपला. स्पेल कुणावर टाकला, त्याने जखम झाली की भरली, हे नियम विचारतच नाही. साथीदारावर ‘क्युअर वूंड्स’ (जखमा भरणारा स्पेल) टाकलात, दिसलात. ‘लाइट’सारखी साधी कॅन्ट्रिप (हवी तितक्यांदा टाकता येणारा छोटा स्पेल) टाकलीत, तरी दिसलात.

जुने खेळाडू इथेच अडतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. २००३ च्या ३.५ आवृत्तीत आणि २००९ च्या पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात खरोखरच वेगळा नियम होता. तिथे शत्रूवर टाकलेला किंवा ज्याच्या घेऱ्यात शत्रू सापडतो असा स्पेलच हल्ला धरला जायचा. अदृश्य राहून साथीदारांना बरं करावं, राक्षस बोलावून शत्रूवर सोडावेत, शत्रू दोरीच्या पुलावर असताना दोर कापावेत, सगळं चालायचं. म्हणून पहिल्याच सेशनला कोणतं पुस्तक वापरतोय ते सगळ्यांसमोर ठरवून घ्या. अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता स्पेलकडे बघू. दुसऱ्या लेव्हलचा, एक अॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती), स्पर्श करावा लागतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) ठेवून जास्तीत जास्त एक तास. साहित्य म्हणजे डिंकात बंद केलेला पापणीचा एक केस. पण त्याला किंमत लिहिलेली नाही, त्यामुळे कंपोनंट पाउच (साहित्याची पिशवी) किंवा फोकस (साहित्याऐवजी चालणारी जादूची वस्तू) असला की भागतं. महत्त्वाचं हे की बंधन अदृश्य झालेल्यावर आहे, स्पेल टाकणाऱ्यावर नाही. विझर्डने (जादूगार पात्राने) रोगला (‘Rogue’, चोरपावलांनी वावरणाऱ्या पात्राला) अदृश्य केलं, तर विझर्ड पुढच्याच टर्नला (खेळीला) ‘फायरबॉल’ टाकू शकतो. रोग अदृश्यच राहतो. मात्र विझर्डने ‘हेस्ट’ (वेग वाढवणारा स्पेल) टाकला तर रोग भर दरबारात उघडा पडेल, कारण ‘हेस्ट’लाही कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि एका वेळी एकच धरता येतं. विझर्ड बहुतेक वेळा स्वतःलाच गायब करतो. माझ्या मते रोगला पुढे पाठवून विझर्डने मागे भिंतीआड राहणं जास्त फायद्याचं.

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग म्हणजे आधीपासून चालू असलेले स्पेल. समजा ड्रुइडने (निसर्गाची जादू वापरणाऱ्या पात्राने) ‘कॉल लाइटनिंग’ टाकून ढग तयार केला आणि मग विझर्डने तिला अदृश्य केलं. कॉन्सन्ट्रेशन दोघांची वेगवेगळी, तिथे अडचण नाही. पुढच्या टर्नला ती अॅक्शन वापरून त्याच ढगातून वीज पाडते, ३डी१० (तीन दहा-बाजूंच्या फाशांची बेरीज) डॅमेज. ती दिसेल का? पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकातल्या नियमाने नाही. नवा स्पेल टाकलेला नाही, आणि समोरचा सेव्ह मारतो (परिणाम टाळायला फासा टाकतो), ही अटॅक रोल (वार लागतो का ते ठरवणारा फासा) करत नाही; म्हणून नियमाच्या भाषेत तो हल्लाही नाही. याचा गैरफायदा सोपा होता. याच आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारित पुस्तकात शब्द बदलले: अटॅक रोल केला, डॅमेज दिलं किंवा स्पेल टाकला, की त्यानंतर लगेच इन्व्हिजिबिलिटी संपते. म्हणजे शत्रूने सेव्ह मारून अर्धंच डॅमेज खाल्लं तरी ड्रुइड दिसते. ‘स्पिरिच्युअल वेपन’ (हवेत तरंगणारं जादूचं शस्त्र) या स्पेलचा प्रश्न दोन्हीकडे सुटलेला आहे: त्याच्या प्रत्येक वाराला अटॅक रोल लागतो, त्यामुळे पहिल्या वारालाच अदृश्यपणा जातो.

पळवाट म्हणून कांडी वापरायला जाल तर फसाल. ‘वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स’मधून तुम्ही तो स्पेल टाकताच, म्हणून तो मोजला जातो. रेडी अॅक्शनचंही (ठरलेली गोष्ट घडली की करायची कृती आधीच तयार ठेवणं) तसंच. खेळाडूंना वाटतं की स्पेल नंतर सुटणार, म्हणजे तोवर आपण अदृश्य. पण रेडी करताना स्पेल त्याच क्षणी टाकला जातो आणि नुसता धरून ठेवला जातो, तोही कॉन्सन्ट्रेशन लावून. इन्व्हिजिबिलिटी तिथेच संपली. ‘ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी’ हा वरच्या लेव्हलचा स्पेल स्वतःच धरलेला असेल तर तोही जातो, कारण कॉन्सन्ट्रेशन दुसरीकडे गेलं.

‘ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी’ चौथ्या लेव्हलची, फक्त एक मिनिट, म्हणजे १० राउंड (सगळ्यांच्या टर्नची एकेक फेरी). हल्ला करा, स्पेल टाका, मोडत नाही. तिचा खरा जोर काउंटरस्पेलविरुद्ध (दुसऱ्याचा स्पेल टाकतानाच रोखणाऱ्या स्पेलविरुद्ध) दिसतो. काउंटरस्पेलची रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेलं उत्तर) घ्यायला ६० फुटांच्या आत कुणी स्पेल टाकताना *दिसावं* लागतं. तुम्ही दिसत नाही, म्हणून समोरचा जादूगार हात चोळत बसतो. ‘मॅजिक मिसाइल’ आणि ‘होल्ड पर्सन’ यांनाही दिसणारं लक्ष्य लागतं, तेही तुमच्यावर चालत नाहीत. ‘फायरबॉल’ मात्र जागेवर टाकला जातो. शत्रूने अंदाजाने नकाशावरचा चौकोन निवडला आणि तुम्ही २० फुटांच्या घेऱ्यात सापडलात, तर ८डी६ म्हणजे सरासरी २८ डॅमेज. डेक्सटेरिटी (चपळाई) सेव्ह हुकला, पूर्ण २८ बसले, की कॉन्सन्ट्रेशनसाठी कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह १४ चा: दहा किंवा डॅमेजचा अर्धा भाग, जे मोठं असेल ते. तो हुकला की ‘ग्रेटर’ गेली आणि चौथ्या लेव्हलचा स्लॉटही (स्पेल टाकायची मोजकी संधी) पाण्यात. ‘फेअरी फायर’ हा स्पेल तर पहिल्याच लेव्हलचा, २० फुटांचा घन. सेव्ह चुकला की अदृश्य असण्याचा काही उपयोग उरत नाही.

आता डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). अदृश्य म्हणजे लपलेला नव्हे. हाइड (लपण्याची) अॅक्शन घेऊन स्टेल्थचा (चोरपावलांचा) फासा टाकला नसेल, तर त्याचा चौकोन सगळ्यांना कळतो असंच धरा: पावलांचा आवाज येतो, धुळीत ठसे उमटतात, मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो. मिनी (पात्राची छोटी मूर्ती) टेबलावरून उचलू नका. तशीच आडवी ठेवा. त्याच्यावरच्या अटॅकला डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) द्या, तेवढं पुरे. मिनी उचलायची ती तो खरोखर लपल्यावरच. आणि २०२४ चा एक फरक पाठ करून ठेवा: नुसतं हाइड करून अदृश्य झालेला माणूस व्हर्बल कंपोनंट (मोठ्याने म्हणायचे शब्द) असलेला स्पेल टाकला की उघडा पडतो, तर इन्व्हिजिबिलिटीने अदृश्य झालेला कोणताही स्पेल टाकला की.

आवाज दाबायला कुणी ‘सायलेन्स’ हा स्पेल सुचवेल. त्या २० फुटांच्या घेऱ्यात व्हर्बल कंपोनंटचे स्पेल टाकताच येत नाहीत, त्यामुळे तो उपाय तुमच्याच गळ्याशी येतो. सॉर्सरर या जादूगार पात्राचा ‘सटल स्पेल’ चांगला: खर्च एक सॉर्सरी पॉइंट (त्याच्या जादूशक्तीचा गुण), ना शब्द ना हातवारे. तरीही ‘फायरबॉल’ची झगझगीत रेघ तुमच्या बोटापासूनच निघते, आणि ती कुठून आली हे शत्रूला दिसतं. म्हणून आधी टाका, आणि ३० फुटांची चाल त्याच टर्नला नंतरसाठी राखून ठेवा.