मोठ्या शहरातली नोकरी: ऑफर हातात आल्यावर

मोठ्या शहरात नोकऱ्या जास्त असतात आणि त्यांच्या मागे लागलेले उमेदवारही. खरा फायदा असतो तो एकाच क्षेत्रातल्या अनेक कंपन्या जवळजवळ असण्याचा. एक नोकरी गेली तरी गाव न सोडता दुसरी शोधता येते. म्हणून कंपनीच्या नावाआधी त्या शहरात आपल्या कामाच्या किती जागा निघतात ते बघा. दोन आठवडे रोज जाहिराती चाळा आणि वारंवार येणारी कौशल्यं टिपून ठेवा.

रेझ्युमे दोन रकान्यांत किंवा तक्त्यात मांडू नका. छाननीचं सॉफ्टवेअर ओळी आडव्या वाचत गेलं, तर पदनाम आणि तारखा एकमेकांत मिसळतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर काही वेळा त्याला कोरीच दिसते.

ऑफरमध्ये वार्षिक पॅकेजच्या आकड्याला भुलू नका. व्हेरिएबल (म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला, कमी-जास्त होणारा भाग), एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस आणि विम्याचा हप्ता वजा करा. उरलेल्या रकमेला १२ने भागा, कर काढा. मग घरभाडं. घर लांब घेतलं की भाडं वाचतं, पण जायला दीड तास, यायला दीड तास, महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६ तास होतात. म्हणजे आठ तासांच्या आठाहून जास्त पाळ्या, बिनपगारी!

नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदाराच्या पेरोलवर, नोटीस पिरियड किती, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, हे लेखी घ्या. आणि 'डिपॉझिट भरा' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.