तुम्ही विचारलंत म्हणून: सुरीचं पोलाद कुठून आणायचं?

माझ्या हातची सुरी बघितली की लोक आधी अंगठा आडवा फिरवून धार पाहतात आणि लगेच विचारतात, "पोलाद कुठून आणता हो?" मागच्या आठवड्यात इस्लामपूरच्या एका मुलानं फोन करून हेच विचारलं. तो पहिलीच सुरी करायला निघालाय. कोल्हापूरजवळच्या शिरोलीला मिळेल का, मुंबईकडची कळंबोली गाठावी लागेल का, की भंगारात हात घालावा? फोनवर त्याला दोन वाक्यांत सांगितलं, पण त्यानं माझंच समाधान झालं नाही.

दुकानाचा पत्ता देणं सोपं आहे. पण विकणारा काय म्हणतो त्यावर पातं घडवायचं नाही, एवढं मी या कामात शिकलोय. त्या तुकड्यानं आपल्या डोळ्यांसमोर पाणी घेतलं, तरच पुढे जायचं.

'पाणी घेणं' म्हणजे लाल करून बुडवल्यावर पोलाद कडक होणं. हे शब्द मला आमच्या गावी येणाऱ्या घिसाडी, म्हणजे भटक्या लोहारांच्या जोडप्याकडून मिळाले. ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर त्यांचं पाल वेशीजवळ पडायचं. त्यातल्या नवऱ्याला आम्ही बाबा म्हणायचो, बायकोला मावशी. बाबा सांडशीत लोखंड धरायचे आणि मावशी घण मारायची. पोत्यातून ट्रकचा तुटका पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) निघाला की बाबा आधी त्याचं टोक लाल करून पाण्यात बुडवायचे आणि त्यावर कानस फिरवायचे. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली की म्हणायचे, "घेतंय पाणी." कानशीनं भुगा काढला की तो तुकडा परत पोत्यात.

कोयता घडवून झाला की धारेकडची दोन बोटं फक्त पाण्यात जायची. लगेच बाहेर काढून दगडावर घासायचा आणि जिथे चकाकी आली तिथे नजर लावून बसायचं. पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळ पोलादावर रंग चढत जातो. आधी गव्हाळ पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा. धारेवर जांभळट छटा आली की सगळा कोयता पाण्यात. जरा उशीर झाला की धार निळी पडते, आणि निळी धार उसाला टिकत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) ही कोयत्यावर ठरते. ज्या हत्याराच्या नावानं माणसं मोजली जातात, ते हत्यार बाबा कधी घाईत करत नसत.

पाणी घेण्यामागे मुख्य कारण कार्बन. स्लॅबची सळई, खिडकीचे गज, हार्डवेअरच्या दुकानातली साधी पट्टी यांत तो साधारण पाव टक्का किंवा त्याहून कमी असतो. लाल करून कितीदाही बुडवा, सुरीची धार येण्याइतकं ते कडक होत नाही. सुरीला अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन हवा. अनेक जण 'स्टीलचं ताट कापून सुरी होईल का' असंही विचारतात. ताटा-डब्याचं ३०४ स्टेनलेस पाणी घेतच नाही, त्याची जातच वेगळी.

ट्रकच्या पाट्यात अर्धा ते पाऊण टक्क्यापर्यंत कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. हे पोलाद चिवट. कोयता, विळी, कुऱ्हाड यांना मी आजही तेच घेतो. पण माझ्या कामातला सगळ्यात वाईट दिवसही पाट्यानंच दाखवला. मामांना एक कोयता करून दिला होता. बाभळीच्या फांदीवर तिसऱ्या घावाला त्याचं टोक तुटलं आणि त्यांच्या कानाजवळून जाऊन गोठ्याच्या भिंतीवर आदळलं. मामा काही बोलले नाहीत, पण मला रात्रभर झोप आली नाही. तुटलेली जागा उन्हात धरून बघितली. निम्मी बाजू ताजी, करडी, लखलखीत. निम्मी तपकिरी, गंजलेली. म्हणजे ती चीर गाडीखाली असतानाच पडलेली होती. पाटा रस्त्यावर लाखो वेळा वाकतो आणि उलगडतो, त्यात अशा चिरा धरतात. मी घडवताना फक्त ती दाबून झाकली होती.

तेव्हापासून मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग मी काढूनच टाकतो. उरलेला घासून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवतो, सकाळी कोरडा पुसून त्यावर खडू चोळतो. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा गेला. जीव हळहळतो, पण मामांचा कान आठवतो.

स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी माझं आवडतं पोलाद म्हणजे ईएन ३१. बेअरिंगचं पोलाद, सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. दाणा बारीक, धार अशी बसते की पिकलेला टोमॅटो वजनानंच कापला जातो. जुन्या बेअरिंगची कडी तापवून, राखेत रात्रभर मुरवून सरळ करता येते. मात्र काही मोठ्या टेपर बेअरिंगांना फक्त वरचं कवच कडक केलेलं असतं, आत कमी कार्बनचं पोलाद. म्हणून इथेही आधी पाणी द्यायचं, मग विश्वास ठेवायचा.

पॉवर हॅक्सॉची जुनी पाती लोक आणून देतात. पूर्ण एचएसएसचं (हाय स्पीड स्टील, कापायच्या हत्यारांचं पोलाद) पातं असेल तर तापवूच नका, तुमच्या भट्टीत ते नीट पाणी घेणार नाही. थंडच घासून सुरी करा, अप्रतिम होते. हल्लीची बरीच पाती जोडकामाची असतात, एचएसएस फक्त दातांपुरतं. दात घासून टाकले की चांगलं पोलादही गेलं.

आता नवीन पोलाद. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, पुण्यात भोसरी, मुंबईकडे कळंबोली, इथल्या ॲलॉय स्टीलच्या दुकानांत ईएन ३१ मिळतं. पट्टी नसली तर गोल बार घ्यावा लागतो. बारच्या टोकाला रंग मारलेला असतो, त्यावरून दुकानदार जात ओळखतात. पण रंगाचं टोक आधीच कापून गेलं असेल तर उरलेल्या बारची ओळख फक्त माणसाच्या आठवणीत राहते. मला एका दुकानात 'हाय कार्बन आहे, डोळे झाकून न्या' म्हणून पट्टी दिली. मी खरंच डोळे झाकले. १२ सुऱ्या घडवल्या, पाणी दिलं, आणि बाराच्या बारा कानशीनं लोण्यासारख्या घासल्या गेल्या. तेव्हापासून हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) असलेली टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट मागतो. शंका असेल तर रुपयाएवढा तुकडा स्पेक्ट्रोला, म्हणजे पोलादात काय काय आहे ते मोजणाऱ्या चाचणीला देतो. फाउंड्रीच्या पट्ट्यात तशा लॅब सहज सापडतात, आणि कार्बन, मँगनीज, क्रोमियम सगळं कागदावर हातात येतं.

चांगल्या पोलादासाठी पायपीट काही आजची नाही. मराठ्यांच्या हातातली फिरंग तलवार म्हणजे परदेशी पातं आणि आपली मूठ. तिकडे तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतलं मुशीतलं पोलाद पश्चिम आशियापर्यंत जात होतं.

तर इस्लामपूरच्या मित्रा, तुझ्यासाठी एवढंच. एक फूट ईएन ३१ घे. त्यातला बोटाएवढा पातळ तुकडा काप. भट्टीत तापव, तारेला बांधलेलं चुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडा लाल होऊ दे, आणि कोमट तेलात बुडव. पाण्यात नको, ईएन ३१ पाण्यात तडकतं. थंड झाल्यावर शेगड्यात (व्हाइसमध्ये) धर, वर फडकं टाक, डोळ्यांना चष्मा लाव आणि हातोड्यानं मोड. मोडलेल्या जागी मैद्यासारखं मऊ करडं दिसलं तर पोलादही बरोबर आणि तापही. जाड रव्यासारखे दाणे चमकले तर ताप जास्त झाला, दुसरा तुकडा घे. आणि मोडलाच नाही, नुसता वाकला, तर ताप पुरला नाही. तेच पुन्हा जास्त तापवून बघ. तरीही वाकला, तर तो बार परत करून ये.

शनिवारी येशील तेव्हा मोडलेले दोन्ही तुकडे आण. तेल लावून कागदात गुंडाळ, नाहीतर माझ्याकडे पोचेपर्यंत गंज चढेल आणि दाणा दिसणार नाही.