क्रांजीच्या टेकडीवर

सिंगापूरला भाचीकडे चार दिवस राहायला गेलो, तेव्हा तिने फिरायच्या जागांची लांबलचक यादी काढून ठेवली होती. मी एकच जागा मागितली: क्रांजीचं युद्धस्मारक. एमआरटीच्या लाल लाइनने उत्तरेकडे जायचं आणि क्रांजी स्टेशनवरून साधारण किलोमीटरभर चालायचं. सकाळची वेळ, तरी शर्ट पाठीला चिकटला होता.

मला जेम्स निकोल्सन या ब्रिटिश लढाऊ वैमानिकाचं नाव डोळ्यांनी बघायचं होतं.

16 ऑगस्ट 1940. निकोल्सन तेव्हा तेवीस वर्षांचे, हवाई दलाच्या 249 स्क्वाड्रन या तुकडीत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या आकाशात त्यांच्या हरिकेन या लढाऊ विमानावर तोफेचे चार गोळे आदळले. दोन गोळ्यांनी ते स्वतः जखमी झाले आणि एकाने पेट्रोलची टाकी पेटवली. हरिकेनची ही राखीव टाकी वैमानिकाच्या समोरच, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये असते. त्यामुळे आग लागली की ती थेट हातांवर आणि तोंडावर येते. ते उडी मारायच्या बेतात होते, तेवढ्यात समोर शत्रूचं मेसरश्मिट हे जर्मन विमान दिसलं. ते पुन्हा आत बसले. जळत्या कॉकपिटमध्ये बसून त्यांनी गोळीबार केला आणि मगच पॅराशूट घेऊन उडी टाकली. खाली येताना आपल्याच होम गार्डची गोळी त्यांना लागली. त्याच चकमकीत त्यांचा तरुण सहकारी मार्टिन किंग याने उडी घेतली, पण त्याचं पॅराशूट मिटलं आणि तो वाचला नाही. किंगचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि मला ते दर वेळी खुपतं.

नोव्हेंबरमध्ये निकोल्सन यांना व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी) हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान जाहीर झाला. संपूर्ण महायुद्धात ब्रिटनच्या फायटर कमांडला, म्हणजे लढाऊ विमानांच्या शाखेला, मिळालेला हा एकच.

भाजलेले हात घेऊन घरी बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ते 1942 मध्ये हिंदुस्थानात आले. पुढच्या वर्षी 27 स्क्वाड्रनची कमान घेतली आणि लाकडी बांध्याची मॉस्किटो विमानं घेऊन ब्रह्मदेशावर उड्डाणं केली. त्यासाठी डीएफसी हे वैमानिकांचं शौर्यपदक मिळालं. या माणसाची कथा साउदॅम्प्टनच्या आगीपाशी संपवली जाते, तिची ही आपल्याकडची बाजू सांगायची राहून जाते.

2 मे 1945 रोजी ते निरीक्षक म्हणून एका लिबरेटर बॉम्बरमधून निघाले. बंगालच्या उपसागरावर इंजिनाने पेट घेतला आणि विमान समुद्रात कोसळलं. पुन्हा आगच. अठ्ठाविसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी आपलं सैन्य रंगूनमध्ये शिरलं आणि आठवड्याच्या आत युरोपातलं युद्ध थांबलं. निकोल्सन यांचा देह मिळाला नाही.

म्हणून क्रांजी. दफनभूमीतले साडेचार हजारांच्या आसपास दगड मागे टाकत हिरवळीवरून चढत गेलं की माथ्यावर स्मारक आहे. विमानाच्या पंखासारखं पसरलेलं छप्पर आणि मधोमध उंच स्तंभ. छपराखालच्या भिंतींवर चोवीस हजारांहून जास्त नावं आहेत. ज्यांची कबरच नाही, त्यांची. भाचीने एका बाजूने सुरुवात केली, मी दुसऱ्या. अर्धा तास गेला.

"मामा, इकडे या," ती हळूच म्हणाली.

नाव तसं साधंच कोरलंय, शेजारच्यांच्या मापाचं. फक्त पुढे व्हीसी ही अक्षरं आहेत. मी त्यांवरून बोट फिरवलं. दगड गार होता.

"एवढंच?" भाचीने विचारलं. मी मान हलवली.

निघणार तोच तिथला पाऊस आला, धो धो. आम्ही त्या पंखाखालीच थांबलो. इकडच्या भिंतींवर आपल्या माणसांची नावं होती. कितीतरी सिंग, कितीतरी खान. भाची ती मोठ्याने वाचू लागली. ती थांबली की मी पुढची ओळ वाचायचो. पाऊस उघडेपर्यंत आमच्या दोन भिंती वाचून झाल्या.