दुसऱ्याची पाळी चालू असताना

बोर्डगेम्सचं कपाट आता गच्च भरलंय. नवा डबा आणायचा तर एखादा जुना बाहेर काढायचा, असा घरात ठराव झाला आणि लगेच भांडणं सुरू झाली. कारण प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. नवऱ्याला डोक्याला ताण देणारा खेळ हवा, भाचीला चित्रं देखणी हवीत, जाऊबाईंना नियम झटपट कळायला हवेत. मी एवढंच बघते की दुसऱ्याची पाळी चालू असताना मी काय करते. हात आपसूक मोबाइलकडे गेला, तर तो खेळ माझ्यापुरता बाद.

या परीक्षेत पहिला नंबर अझूलचा. मिखाएल कीसलिंगचा हा खेळ २०१७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. खेळ असा: मधोमध गोल चकत्या, प्रत्येकीवर चार रंगीत फरशा. एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या, उरलेल्या मधल्या ढिगात सरकवायच्या. नाहीतर त्या ढिगातूनच एका रंगाच्या सगळ्या घ्यायच्या. पटावरच्या आपल्या रांगेत न मावलेल्या फरशा खाली पडतात आणि गुण कापले जातात. पहिल्या दोन फरशांना एकेक, पुढच्या तिघींना दोन-दोन, त्यानंतर तीन-तीन. ऐकायला हे फार सोज्वळ वाटतं. परवा भाची आणि मी दोघीच खेळत होतो. फेरी संपत आलेली, मध्ये एक लाल आणि पाच काळ्या उरलेल्या, पाळी तिची. माझ्याकडे काळ्यांसाठी एकाच फरशीची जागा होती. तिने लाल उचलली, नीट रांगेत बसवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, घे ना तुझ्या." चार फरशा खाली, सहा गुण गेले. तिची पाळी चालू असताना माझं लक्ष दुसरीकडे जाईलच कसं? शिवाय त्या फरशांना हातात छान वजन आहे. विचार करताना दोन-तीन मुठीत घोळवत बसायला मजा येते, हे कारण क्षुल्लक वाटलं तरी मी ते मोजते.

कार्कासोन मात्र कपाटात पहिल्यापासून आहे आणि तिथेच राहणार. ७२ चौकोनी तुकड्यांतून शहरं, रस्ते, मठ जोडत जायचं. नवा तुकडा उघडला जातो तेव्हा तो कुठे बसेल यावर सगळेच तुटून पडतात, ज्याची पाळी त्याने विचारलं नसलं तरी. त्यात शेतात आडवी टाकलेली माणसाची सोंगटी शेवटपर्यंत उचलता येत नाही. नवख्यांना हा नियम आधी नीट समजावून सांगा, नाहीतर हिशेबाच्या वेळी शेतातल्या गुणांवरून रडारड ठरलेली.

आता ज्याच्यावरून आमच्यात सगळ्यात जास्त वाजतं तो खेळ, पँडेमिक. मॅट लीकॉकचा, २००८ चा. कुणी कुणाच्या विरुद्ध नाही. सगळे मिळून जगात पसरणारे चार रोग आवरायचे. कल्पना झकास, घड्याळासारखा चोख बांधलेला खेळ. तरीही माझी सगळ्यात मोठी निराशा हाच. कारण सगळ्यांपुढे सगळंच उघडं असतं, त्यामुळे ज्याचं डोकं भराभर चालतं तो चौघांच्याही पाळ्या खेळून टाकतो. आमच्याकडे तो मान नवऱ्याचा. "तू इकडे जा, हा पत्ता तिला दे, वहिनी, तुम्ही तिथलं केंद्र बांधा." खेळाडू एक आणि बाकीचे हमाल! जिंकल्यावर टाळ्या वाजवतो आम्ही, पण आपण नक्की काय केलं हे आठवत नाही.

हाच रोग हनाबीने किती सोप्या रीतीने बरा केलाय बघा. अँत्वान बोझाच्या या खेळात फक्त ५० पत्ते. तेही हातात उलटे धरायचे, म्हणजे माझे पत्ते मला सोडून सगळ्यांना दिसतात. पाच रंग, प्रत्येक रंग एकपासून पाचपर्यंत क्रमाने लावायचा, सगळे मिळून. बोलायचं ते फक्त ठरलेल्या इशाऱ्यांत: "हे दोन लाल", "हा पाच". इशाऱ्यांच्या सोंगट्या आठच, त्या संपल्या की तोंड बंद. इथे कुणालाच सगळं दिसत नाही, त्यामुळे कुणी कुणाला हुकूम सोडूच शकत नाही. आणि दुसऱ्याला इशारा मिळतो तेव्हा मला जास्तच कान टवकारावे लागतात, कारण तो मला का दिला नाही यातही काहीतरी सांगितलेलं असतं. अडचण एकच, जाऊबाईंच्या भुवया. चुकीच्या पत्त्याकडे हात गेला की त्या वर जातात. आता त्यांना पत्त्यांच्या पंख्याआड तोंड लपवायला लावतो.

मंचकिनबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. पत्त्यांवरचे विनोद पहिल्या डावात हसवतात. मग कुणी नवव्या, म्हणजे जिंकण्याच्या एक पायरी अलीकडच्या पातळीला पोचलं की सगळे मिळून त्याला खाली खेचतात, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. शेवटी जिंकतो तो, ज्याच्या वेळी बाकीच्यांचे पत्ते संपलेले असतात. द्यायच्या ढिगात सगळ्यात वर हाच डबा आहे.

मोनोपॉलीला सगळेच नावं ठेवतात, पण निम्मा दोष खेळणाऱ्यांचा. जागेवर येऊन ती विकत घेतली नाही तर लगेच लिलाव व्हायला हवा, हे नियमात लिहिलेलं आहे. तो लिलाव कुणी करत नाही. उलट दंडाचे पैसे मध्ये साठवून फुकट वाटायची पद्धत घरोघर रूढ झालीय, जी नियमात नाहीच; त्याने दिवाळं लांबतं आणि डाव रेंगाळतो. लिलाव लावून खेळलो तर डाव बराच आटोपशीर झाला. तरी बाद झालेला भिडू तासभर काय करणार, याचं उत्तर मिळत नाही. याचा मूळ खेळ लिझी मॅगी नावाच्या बाईंनी बनवला, १९०४ चं पेटंट आहे, आणि त्यांना जमीनदारीने बाकीचे कसे नागवले जातात हेच दाखवायचं होतं. ते चोख दाखवलंय. फक्त रविवारी संध्याकाळी मला ते बघायचं नसतं.

कतान अधलामधला. दुसऱ्याने टाकलेल्या फाशांवरही आपल्याला माल मिळतो, त्यामुळे पेंगायला होत नाही. पण फाशांवर वारंवार पडणाऱ्या सहा आणि आठच्या जागा सोडून भलतीकडे वस्ती पडली की बघ्याची भूमिका आली. मग माझ्याशी कुणी सौदाही करत नाही, द्यायला काही असतंच कुठे! राहू दे म्हटलं, भाचीचा जीव आहे त्यावर.

पँडेमिक मात्र नवरा काढू देत नाही. शेवटी तह झाला: विचारल्याशिवाय त्याने दुसऱ्याच्या पाळीत अवाक्षर काढायचं नाही. कालच्या डावात त्याने तो शब्दशः पाळला. माझी पाळी आली की तो काही न बोलता नकाशावरच्या एका शहराकडे टक लावून बघत बसायचा. मी मुद्दाम दुसरीकडे गेले. आम्ही हरलो, आणि आता बाकीचे भिडू म्हणतायत की पुढच्या वेळी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची.